बिनहळदीचे दिवस

ताटातलं वरण पिवळं होतं.

झालं ते एवढंच. अक्षताने, माझ्या सुनेने, रोजच्यासारखं ताट पुढे ठेवलं, भातावर पळीभर वरण घातलं, आणि माझा हात ताटाच्या काठाशीच थांबला. "आजपासून हळद सुरू, बाबा," ती ओट्याकडे वळत म्हणाली. "रिपोर्ट झकास आलाय. आता तो पांढरा लगदा बंद. खरं सांगू, मलाही वीट आला होता त्याचा." मी हसलो असेन, निदान हसायला हवं असं वाटलं, एवढं नक्की. हळद इतकी पिवळी असते हे मी विसरूनच गेलो होतो. कित्येक आठवडे आमच्या घरात सगळं पांढरं शिजत होतं, पांढरं वरण, पांढरा दुधी, उकड्या तांदळाची पेज, आणि आता एकाएकी अंधाऱ्या खोलीत कुणी दिवा लावावा तसा तो रंग डोळ्यांवर आला. दिवा लागताच खोलीत बसलेलं कुणीतरी उठून निघून जावं, तसंही काहीसं वाटलं. ताटाशेजारच्या वाटीत एक गोळी होती. लहान, पांढरी, मधोमध रेघ असलेली. "आणि ही पण आजपासून. विसरायचं नाही." मी गोळी तोंडाशी नेली, पेला उचलला, पाणी प्यालो आणि गोळी मुठीतच ठेवली. ती सदऱ्याच्या खिशात कधी गेली ते माझं मलाच नीट कळलं नाही. माझ्या हातून असं काही होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी घाबरट माणूस आहे. रस्ता ओलांडतानासुद्धा मी आधी दुसरं कुणी ओलांडतंय का ते बघतो आणि मग त्याच्या मागून जातो.

दिवाळीनंतर मला कावीळ झाली होती. पाण्यातून आली असणार, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बाहेर कुठे काही खाल्लं-प्यायलं होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी उगाचच ओशाळलो, कारण वाचनालयाबाहेरच्या गाडीवर मी उसाचा रस प्यालो होतो, तोही बर्फ घालून. यकृताला सूज आली होती. रक्तातले जे आकडे दोन अंकी असायला हवेत ते हजाराच्या घरात गेले होते. तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की माझी चरबीची गोळी थांबवली. हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यापासून, म्हणजे सगुणा, माझी बायको, होती तेव्हापासून, मी ती गोळी रोज जेवणानंतर घेत आलो होतो. "या गोळीने कावीळ झालेली नाही, बरं का काका," डॉक्टरबाईंनी बजावलं. "पण गोळी शेवटी लिव्हरमधूनच जाते. लिव्हर आजारी आहे तोवर त्याच्यावर ओझं नको. बरं झालं की परत सुरू. आणि गावचा काढा, पाला, मुळी, काही म्हणजे काही घ्यायचं नाही." काढा घेतला नाही, पण पथ्य आलंच. ते सांगितलं अक्षताच्या आईने, कणकवलीहून, फोनवर. काविळीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पिवळं येऊ द्यायचं नाही आणि पोटात तर नाहीच नाही. आमच्याकडे हे असंच चालत आलं आहे. शिवाय घरात एकाचं पथ्य असलं की ते सगळ्यांचंच असतं. प्रीतम, माझा मुलगा, पहिल्या दिवशी ताटाकडे बघून म्हणाला, "अगं, कावीळ बाबांना झालीय. माझी का वाट लावतेस?" "दोन वरणं करायला मी खानावळ नाही उघडली," अक्षता म्हणाली. "गप खा." तो गप खाऊ लागला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

त्या बिनहळदीच्या दिवसांत मला आठवू लागलं. हे सांगायला विचित्र वाटतं, कारण आठवत तर सगळ्यांनाच असतं. पण सगुणा गेली आणि तिच्या मागोमाग तिचा चेहराही गेला होता. भिंतीवर फोटो आहे, पण तो तिच्या भाच्याच्या लग्नातला, पावडर लावलेला. बघताना एखाद्या परक्या, जरा रागावलेल्या बाईच्या घरी आल्यासारखं वाटतं. डोळे मिटून तिला शोधायला गेलो की तो फोटोच पुढे येऊन उभा राहायचा. आवाज तर नव्हताच. तिचे शब्द आठवत, "जेवायला या", "दूध आणलंत का", पण ते छापलेले वाचावेत तसे, कागदावरचे. जन्मभर पुस्तकात डोकं घालून बसलेल्या माणसाला सगळंच छापील आठवत असेल, अशी मी माझी समजूत घातली होती. कधीकधी त्याहून वाईट वाटायचं. वाटायचं की मी तिला नीट पाहिलंच नव्हतं. ती ओट्याशी असायची, मी खिडकीशी पुस्तक घेऊन, आणि आमच्यामधून इतकी वर्षं निघून गेली. आता ती गेल्यावर मी तिला आठवायला बसलोय, म्हणजे न वाचलेल्या पुस्तकातला उतारा पाठ म्हणायला उभा राहिलोय. हा विचार आला की मी उठून पाणी पीत असे किंवा खिडकीतून खाली बघत असे. मग आजारपण आलं. दुपारभर अंथरुणात पडून राहायचं, अंगाला खाज, तोंडाला कडू चव, मुलुंडच्या या उंच मजल्यावरच्या खिडकीतून डोंगराची एक निळी कड. अशा एका दुपारी अक्षताने पेज आणून दिली. पहिला घोट घेतला आणि त्या कोमट, किंचित खारट वाफेतून विक्रोळीची आमची चाळ वर आली. नुसतं चित्र नव्हे. खाडीकडून येणारा चिखलाचा खारट वास, दुपारच्या पाळीचा भोंगा, जिन्याच्या कठड्याचा गुळगुळीत झालेला लाकडी हात, आणि माझ्या स्वतःच्या बोटांना येणारा अमोनियाचा वास. मी कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशांच्या निळ्या प्रती काढायचो. तो वास साबणाने जात नसे. मी जेवायला बसलो की सगुणा नाक मुरडायची. शेजारच्या खोलीत लवू, माझ्याच गावचा, रंगखात्यात होता. त्याच्या कोपरांना बारमाही करडा रंग. त्याची बायको शेवंती. आमच्या दोन्ही खोल्यांची दारं दिवसभर उघडी असायची आणि कुणाचं कालवण कुणाच्या पातेल्यात आहे ते संध्याकाळपर्यंत ठरत नसे.

आणि मग ती आली. मला एकदा तरुणपणीही कावीळ झाली होती, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. ते दिवस संक्रांतीचे होते. मी दाराजवळच्या खाटेवर पडलो आहे. समोर, गॅलरीच्या पलीकडे, सुंदराबाईंच्या दारात हळदीकुंकू चाललं आहे. सुंदराबाई म्हणजे चाळीतल्या सगळ्या बायकांची सासू. सगुणाची ती पहिली संक्रांत, तिच्या अंगावर काळी साडी, कडक, घडीच्या रेघा अजून न मोडलेली. सुंदराबाई बोटावर हळद घेऊन हात पुढे करतात आणि सगुणा कपाळ मागे घेते. कुंकू लावून घेते, हळद नाही. बायका गप्प होतात. नव्या नवरीने हळद नाकारणं म्हणजे काय ते त्या गॅलरीतल्या भिंतींनासुद्धा माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे पिवळं यायला नको म्हणून तिने घरातून हळद हद्दपार केली होती, आणि कपाळावर ती घेऊन माझ्याकडे येणं तिला पथ्यात बसत नव्हतं. ती काही बोलत नाही. मान खाली घालून उभी राहते. मग वळून माझ्याकडे बघते. नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब, कानामागून सुटलेली बट, आणि ओठ घट्ट मिटलेले. तो चेहरा! इतकी वर्षं फोटोच्या काचेमागे दडलेला तो चेहरा मला त्या दुपारी मिळाला. मी पेजेची वाटी छातीशी धरून कितीतरी वेळ तसाच बसलो. अक्षता वाटी न्यायला आली तेव्हा म्हणाली, "थंड झाली की हो, बाबा. गरम करून देऊ?" मी मान हलवली.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. मी डोळे मिटायचा अवकाश. आता या सगळ्याचा गोळीशी संबंध जोडला तो मी, आणि माझ्या जोडण्यावर माझा फारसा भरवसा नाही. पण बीज सपकाळचं. सपकाळ वाचनालयात माझ्या समोरच्या खुर्चीवर बसतो आणि पेपर मोठ्याने वाचतो. आजारपणापूर्वी केव्हातरी तो म्हणाला होता, "ती चरबीची गोळी डोकं खाते, बळवंतराव. चरबी उतरते आणि त्याबरोबर मेंदूही उतरतो. मेंदू म्हणजे तरी काय, चरबीच की!" तेव्हा मी हसलो होतो. आता पांढऱ्या दिवसांत पडल्यापडल्या मला ते पटू लागलं. गोळी सुरू झाली ती जाळी बसवल्यावर, सगुणा गेली ती त्यानंतर, आणि तिचा चेहरा गेला तो त्याही नंतर. गोळी थांबली आणि चेहरा परत आला. इतकं सरळ काही असतं का? पुस्तकात असं सरळ काही वाचलं की मी लेखकावर संशय घेतो. पण हे पुस्तक नव्हतं. नवा रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "त्या गोळीने विसरायला होतं का हो?" त्यांनी कागदावरून डोळे वर केले. "काहींना तसं वाटतं. तपासून बघितलं तर ठाम असं हाती लागत नाही. तुम्हाला काय विसरायला होतं?" बायकोचा चेहरा, असं मी अक्षतासमोर कसं सांगणार? मी म्हटलं, "चष्मा." त्या हसल्या. "चष्मा मीही विसरते, काका." मग त्या गंभीर झाल्या. लिव्हर छान भरून आलंय, आता गोळी टाळायचं कारण नाही. कमी डोसने सुरू करू, महिन्याने पुन्हा रक्त तपासू, त्रास वाटला तर बदलून दुसरी देऊ. "पण मनाने बंद करायची नाही. तुमची जाळी आधीच जुनी आहे. तिच्यात परत साठायला लागलं तर ते तुम्हाला सांगून साठणार नाही." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

तर अशी ती गोळी खिशात गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. वरण पिवळं झालं तरी सगुणा येत राहिली, म्हणजे हळदीचा यात काही भाग नव्हता, असं मी ठरवलं. उरली ती गोळीच. मी काही मरायला निघालो नव्हतो. मला मरणाची भीती चांगलीच वाटते. पण रात्रीच्या जेवणानंतर गोळी बोटांत धरली की मला वाटे, ही गिळली की उद्या दुपारी डोळे मिटल्यावर पुन्हा तो पावडर लावलेला फोटो. एका बाजूला माझी नळी, दुसऱ्या बाजूला तिच्या नाकावरचा तो थेंब. अशा वेळी शहाणा माणूस काय करील ते मला समजत होतं. वाचनालयाचा जिना चढताना एकदा छातीत, जरा डावीकडे, कुणी मूठ आवळून सैल करावी तसं झालं. मी कठडा धरून उभा राहिलो. गॅस असेल. गॅसच असणार. वर सपकाळ मोठ्याने पेपर वाचत होता, त्याचा आवाज जिन्यात येत होता, आणि मी मधल्या पायरीवर उभा राहून डोळे मिटले तर सगुणा आलीच, काळ्या साडीत, मान खाली घालून. मला वाटलं, ही मला न्यायला तर येत नसेल? पण तिचा चेहरा तसा नव्हता. ती नुसतीच उभी होती, आणि काही बोलत नव्हती.

माझी चोरी फार टिकली नाही. "बाबा, इकडे या जरा," अक्षताने हाक मारली. ती वॉशिंग मशीनपाशी उभी होती, हातात माझा सदरा, खिसा उलटा केलेला. आत ओलं पांढरं पीठ. "खडू होता का खिशात?" खडू म्हणावं असं क्षणभर मनात आलंही. "किती दिवस चाललंय हे?" तिने सदरा बादलीत टाकला. "माझ्यावर राग आहे का तुमचा?" हे मला अपेक्षित नव्हतं. "नाही गं, तुझ्यावर कसला राग?" "मग जगायचं नाहीये का? तसं सरळ सांगा ना. मी इथे तेल मोजून घालते, महिनाभर ते पांढरं वरण गिळलं, प्रीतमची बोलणी खाल्ली, आणि तुम्ही गोळ्या धुवायला टाकता?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आल्याचा तिला राग आला होता. मग मी सांगितलं. आयुष्यात मी इतकं सलग कुणाशी बोललो नसेन. सगुणा दिसते, गोळी नसली की दिसते, हळदीकुंकू, काळी साडी, सगळं. सांगताना मला ते फार पोरकट वाटलं. अक्षताने मशीन बंद केलं, स्टुलावर बसली आणि ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आई गप्प उभ्या राहिल्या? मान खाली घालून?" "हो." "आमच्या आई?" ती विचारात पडली. "पहिल्या दिवशी माझी भाकरी बघून म्हणाल्या होत्या, ही भाकरी आहे की कोकणचा नकाशा. सगळ्यांसमोर. त्या कुठल्या गप्प राहतायत?" मी म्हटलं, तेव्हा ती लहान होती. "असेल. पण शेवंतीमावशींना विचारा ना एकदा. त्या होत्या ना तिथे?" मला विचारायचं नव्हतं. जे मिळालं आहे ते कुणाकडून पारखून का घ्यावं? पण अक्षता उठली होती. "उद्या सकाळी रिक्षा करून देते विक्रोळीला. गोळी बरोबर न्यायची. दुपारी घेतली तरी चालेल, मी फोन करून विचारते डॉक्टरांना. परत याल तेव्हा ती खिशात नको. असली तर प्रीतमला सांगणार. धमकी समजा हवं तर."

रिक्षा हायवेने निघाली. भांडुपच्या पुढे डाव्या हाताला मिठागरांचे चौकोन लागतात, त्यांत आभाळ पडलेलं असतं. मी लग्न करून सगुणाला आणली तेव्हा तिने ते बघून विचारलं होतं, ही कुणाची शेती? असं तिने विचारलं होतं का, की हेही मी आत्ताच बनवलं? रिक्षात बसून मला एकदम कशाचीच खात्री वाटेना. आमची चाळ केव्हाच पाडली. तिच्या जागेवरच्या उंच इमारतीत शेवंतीला जागा मिळाली आहे. लवू आता हयात नाही, मुलं कामावर, ती दिवसभर एकटी. दार उघडून ती बघतच राहिली. इतकी वर्षं मुंबईत राहूनही तिची मालवणी काही सुटलेली नाही.

"या, भावजी, या. अगो बाय, किती सुकलात ओ! काविळीन अर्ध्ये खाल्ल्यान तुमका."

"बरा आहे आता."

"ता दिसता. बसा. आदी जेवा, मगे बोला. सुनेचो फोन इलो होतो, तेल कमी घालूक सांगितल्यान. माका! मी तुमका जसा काय डालड्यात बुडवन मारतंय."

जेवताना मी विषय काढला नाही. भात, डाळ, सोलकढी. ती समोर बसून स्वतःच्या सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि मी मनात वाक्य जुळवत होतो. शेवटी ताटावरच हात सुकत आल्यावर विचारलं, "शेवंती, आमच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत आठवते तुला? सुंदराबाईंकडचं हळदीकुंकू?"

"आठवता तर! सगुणान हळद लावन घेवक नाय, ता?"

म्हणजे झालं होतं! मी ते रचलं नव्हतं. "तेच," मी म्हणालो. "मी बघितलं होतं. खाटेवरून."

"खंयच्या खाटेवरून?"

"आपल्या चाळीत. दाराजवळ खाट होती ना माझी."

शेवंती माझ्याकडे बघत राहिली. "भावजी, तुमी तेव्हा घरात खंय होतात? तुमी हॉस्पिटलात. डॉक्टरान ठेवन घेतल्यानी तुमका. मी आणि ह्ये डबो घेवन येवचंव. संक्रांत सरल्यार तुमका सोडल्यानी."

"मग मला ते दिसतं कसं?"

"मियाच सांगितलंय तुमका. सगुणाच्या बाराव्याक. तुमी थंय खुर्चेर बसान 'हूं, हूं' करीत होतात. माका वाटला, ह्यांचा लक्षच नाय."

बारावं मला आठवतं ते असं: पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणीतरी माझ्या हातात दिलेला चहा, कानांत भुंगा. त्या भुंग्यातून शेवंतीचे शब्द आत गेले असणार आणि जाऊन बसले असणार. आणि तेव्हा मी ती गोळी रोज, न चुकता घेत होतो. सपकाळची चरबी, मेंदू, माझा सगळा हिशोब तिथल्या तिथे खाली आला. पण मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. ती काळी साडी, घडीच्या रेघा, नाकावरचा थेंब, वळून माझ्याकडे बघणं, हे सगळं मी आजारात पडल्यापडल्या विणलं होतं. ती माझ्याकडे वळलीच नव्हती, कारण मी तिथे नव्हतो. माझ्याजवळ तिचं म्हणून जे एकच होतं ते दुसऱ्याचं निघालं होतं. मला घरी जावंसं वाटलं. तरीही, कशासाठी कोण जाणे, मी विचारलं, "पण ती गप्प उभी राहिली ना? काही बोलली नाही ना?"

"गप? सगुणा नि गप?" शेवंतीला इतकं हसू आलं की तिला खोकला लागला. मग ती गुडघ्यांवर हात देऊन उठलीच. "ही बगा सुंदराबाय." तिने गाल फुगवले, बोट पुढे केलं. "'हळद नको म्हणतंस? नव्या नवरीन असा करूचा नसता. कपाळ पांढरा होयत तुझा!' आणि ही आमची सगुणा." तिने एक हात कमरेवर ठेवला, हनुवटी वर केली. "'माझ्या घोवाच्या डोळ्यात हळदच हळद आसा, सुंदराबाय. पयली ती उतरांदे, मगे तुमची लावन घेतंय. तवसर डब्यात ठेवा. नासाची नाय ती!'"

शेवटचा शब्द तिने उंच नेला, विहिरीच्या काठावरून आत हाक मारावी तसा. सगुणा वाक्यं अशीच संपवायची. शेवटाला आवाज वर न्यायची, दूध आणलंत का सुद्धा, आणि मग ते वाक्य घरात थोडा वेळ टांगलेलं राहायचं. मी हे विसरलो होतो असंही म्हणता येणार नाही. मला ते माहीतच नव्हतं, जसं आपल्या घराचा वास आपल्याला माहीत नसतो. आणि आता ते एका सत्तरी उलटलेल्या बाईच्या घशातून, भलत्याच इमारतीत, माझ्या कानांवर पडलं. चेहरा दिसला नाही. काहीच दिसलं नाही. नुसतं ऐकू आलं.

"मगे घराकडे येवन रडली ती," शेवंती खाली बसत म्हणाली. "माझ्या मांडयेर डोकां ठेवन. म्हणाली, मेलीन कपाळाचा कित्याक काढल्यान? ता येगळा."

खाली कुठेतरी ड्रिल चालू होतं. मग मी विचारलं, "बाराव्याला आणखी काय सांगितलं होतंस?"

"कायबाय सांगितलंय. सगळा सांगूक गेलंय तर वरीस जायत, भावजी. सायकलीचा सांगितलंय का?"

"कसली सायकल?"

"घेवा! ता पण ऐकूक नाय." ती पुढे सरकली. "सगुणाक सायकल येवची."

"सगुणाला?"

"तर! ह्यांनी शिकवली. रविवारी तुमी पुस्तका बदलूक गेलात की ह्ये आपली सायकल भायर काढीत आणि मी गॅलरीत पाळतीर. साडी खोचून, पार हायवेपर्यंत जावन येय ती."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलंय तिका, सांग. तर म्हणाली, 'नको, ते लाजतले.' आणि तुमी लाजलाच असतात, भावजी. आत्ता पण लाजतास."

मी लाजलो होतो, हे खरं आहे. कान तापले होते. सगुणा सायकलवर, हायवेकडे, केस उडताहेत. मला ते दिसेना आणि मी ते दिसावं म्हणून डोळेही मिटले नाहीत. मला भीती वाटली ती एवढीच की शेवंती इथेच थांबेल, ताटं उचलायला उठेल, आणि हे अर्धंच राहील. सगळं ऐकायला वर्ष लागेल, असं ती म्हणाली होती. मी खिशातून गोळी काढली.

"पाणी दे गं जरा. तू थांबू नको, सांग."

"ती कसली गोळी?"

"चरबीची."

"तुमच्यात खंयची चरबी?" म्हणत तिने तांब्यातून पेला भरून दिला. मी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यालो. ती घशात किंचित अडकली आणि गेली.

"पडली का कधी?" मी विचारलं.

"पडाक नाय तर! एकदा त्या बंद दुकानाच्या पायरेर आपटली. ढोपर असा फुटला! मगे आमी तिघांनी ठरवलंव, तुमका सांगूचा, मोरयेत पाय घसारलो म्हणान."

आणि तो गुडघा मला आठवला. शेवंतीने सांगितला म्हणून नव्हे. शेवंती तर तेव्हा खोलीत नव्हती. दार लोटलेलं होतं, सगुणा खाटेच्या कडेला बसलेली, आणि मी जमिनीवर उकिडवा बसून आयोडीनचा बोळा धरलेला. जखमेत बारीक खडी होती. मोरीत खडी कुठून आली असं माझ्या मनात आलं होतं, पण मी विचारलं नाही, मी काही विचारत नसेच. बोळा लावला तशी ती "आई गं" करून पाय मागे घ्यायला गेली, मी घोटा धरून ठेवला, आणि ती माझ्या डोक्यावरून बघत एकदम हसायला लागली. डोळ्यांत पाणी, पाय दुखतोय, आणि हसतेय. मी मान वर करून तिच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिलो होतो.